दहा बोटांचं चार बोटांवर

"तुमचं ना धड मराठी, ना धड कानडी." हे वाक्य आम्हा संकेश्वरकरांना नवं नाही. पुण्याला गेलं तरी ऐकावं, धारवाडला गेलं तरी ऐकावं. गिटारवर पियानोचे ब्लूज बसवू लागलो, तेव्हा एक स्नेही म्हणाले, "हे ना धड पियानो, ना धड गिटार!" जुन्याच जागी ठेच लागली.

ब्लूजचं आवर्तन चार-चार मात्रांच्या बारा खंडांचं. शेवटच्या दोन खंडांत सुरावट पुन्हा आरंभाकडे वळते. त्या वळणाला टर्नअराउंड म्हणतात. आपला गवई तान आटोपून मुखडा धरतो नि समेवर येतो, तसंच काहीसं. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३०च्या दशकात टेडी वेदरफर्ड हा अमेरिकन वादक जाझ पियानो वाजवीत असे. तिकडे अमेरिकेत रॉबर्ट जॉन्सनच्या १९३६-३७च्या ध्वनिमुद्रणांत पियानोच्या डाव्या हाताचं काम गिटारच्या जाड तारांवर अंगठा करताना ऐकू येतं.

पियानोला दहा बोटं. गिटार छेडायला अंगठा आणि तीन बोटं. सगळे स्वर मावत नाहीत. मग प्रत्येक कॉर्डचा षड्ज अंगठ्याकडे द्यायचा, गंधार आणि कोमल निषाद बोटांकडे. पंचम खुशाल सोडायचा. 'ई'मध्ये वाजवताना सी शार्प सेवन्थला चौथ्या तारेचा तिसरा पडदा नि तिसऱ्या तारेचा चौथा. एफ शार्पला तीच जोडी एक पडदा मागे, 'बी'ला आणखी एक. 'ई'वर पोचताना चौथी तार मोकळी सुटते. गंमत म्हणजे एका कॉर्डचा गंधार अर्धा स्वर उतरून पुढच्याचा निषाद होतो, आणि निषादाचा गंधार. कानाला पियानोची उणीव भासत नाही.

आमच्या घरी आजीचं कानडी बोलणं पुण्याच्या सुनेला मराठीत सांगायचं काम आम्हा मुलांकडे असे. शब्दाला शब्द कधीच दिला नाही. आजीचा राग कुठे वळतोय, माया कुठे उतरतेय, तेवढं नेमकं पोचवायचं. सुनेला आजी कळली, आजीला सून कळली.

आता माझ्या मुलीचं शिक्षण इंग्रजीत चाललं आहे. तिच्या बोलण्यात तिन्ही भाषांचे स्वर येतात. पुष्कळ गळूनही जातात. मी तिला टोकत नाही. मात्र गंधार-निषाद कोणते, म्हणजे कोणता शब्द गेला तर घरच परकं होईल, एवढं तिच्या कानावर घालत राहतो. पंचमाचा हिशेब मी ठेवीत नाही.