उणे आठची वाट

आमच्या निफाडला द्राक्षबागेचा थंडीशी उभा दावा. डिसेंबर-जानेवारीत पारा चार-पाच अंशांवर उतरला की वडील रात्री उठून बागेत जागोजागी शेकोट्या पेटवत, पहाटे ठिबक सोडत. नाहीतर साखर भरत आलेले मणी तडकत. त्यांचाच मुलगा कॅनडात जाऊन पारा उणे आठखाली जावा म्हणून रात्री जागतो, हे त्यांच्या गळी उतरायला फार वेळ लागला. हे काम मला ज्यांनी शिकवलं, त्यांचं देणं कधी फिटणार नाही. ते मान्य करायला हा लेख.

मी नायगारा कॉलेजात द्राक्षशेती आणि वाइननिर्मिती शिकत होतो. ओंटारिओ सरोवराच्या काठच्या एका मळ्यावर सुट्टीत कामाला जाऊ लागलो. मालक मेनोनाइट पंथाचे, सत्तरीकडे झुकलेले, मितभाषी. तिकडे सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात. मी मनातल्या मनात त्यांना अण्णा म्हणायचो.

त्या मळ्यावर आइसवाइन होई. तिची द्राक्षं वेलीवरच गोठावी लागतात. ओंटारिओच्या नियमाप्रमाणे तापमान उणे आठ किंवा त्याहून खाली गेल्याशिवाय घड तोडता येत नाहीत, आणि रसाची गोडी किमान 35 ब्रिक्स भरावी लागते. शीतगृहात गोठवलेल्या द्राक्षांच्या वाइनला तिथे हे नाव लावता येत नाही. म्हणून बाकीची तोडणी संपल्यावरही विदाल जातीचे घड वेलींवर राखायचे, त्यांवर जाळी टाकायची आणि वाट बघायची. विदालची साल जाड, ती बर्फवाऱ्यात टिकते. या भागात हे काम कार्ल कायझर आणि डोनाल्ड झिराल्डो यांच्या इनिस्किलिन वाइनरीनं नावारूपाला आणलं. 1983 साली त्यांची राखलेली द्राक्षं पक्ष्यांनी फस्त केली. 1984 साली जाळ्या लावून ते पुन्हा उभे राहिले आणि 1991 मध्ये बोर्दोच्या प्रदर्शनात त्यांच्या आइसवाइनला सर्वोच्च मान मिळाला. जाळी बांधताना एखादी गाठ सैल दिसली की अण्णा मला 1983 ची आठवण करून देत.

हिवाळाभर मळा त्यांच्या हातात नसतो, हवामानाच्या हातात असतो. घड रोज थोडे सुकतात, गळतात, वजन घटत जातं. ज्या जर्मनीनं ही वाइन जगाला दिली तिथेच 2019 च्या हंगामात पुरेशी थंडी पडली नाही आणि आइसवाइन कुठल्याच विभागात झाली नाही. हा धोका अण्णा दरवर्षी पत्करत.

एका पहाटे दोन वाजता त्यांचा फोन आला. मळ्यात दिव्यांच्या उजेडात आम्ही घड तोडत होतो. मणी क्रेटमध्ये गोट्यांसारखे खडखडत पडत. दाबयंत्र उघड्यावरच, कारण आत नेलं की मणी वितळतात आणि सगळं पाणी रसात उतरतं. यंत्राचा दाब वाढत गेला, बराच वेळ काहीच आलं नाही. मग मधासारखी दाट धार सुटली. पाणी बर्फ होऊन मागे राहतं, साखर आणि आंबटपणा तेवढे बाहेर येतात. नेहमीच्या वाइनला जेवढा रस निघतो त्याच्या जेमतेम पाचव्या हिश्शाइतका इथे मिळतो.

सुरुवातीच्या धारेची गोडी चाळीसच्या वर असते, मग ती उतरू लागते. लवकर थांबलं तर लाखमोलाचे लिटर यंत्रातच राहतात. उशीर झाला तर टाकीतला सगळाच रस पस्तिसाखाली जातो आणि वर्षाची आइसवाइन बुडते. अण्णांनी गोडी मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर माझ्या हातात दिला. म्हणाले, "कधी थांबायचं ते तू सांग." मी विद्यार्थी, परका, हात थंडीनं बधिर. पुन्हा पुन्हा थेंब काचेवर घेत होतो. ते शेजारी उभे होते. एकदाही त्यांनी आकडा विचारला नाही. मी "आता" म्हणालो, त्यांनी यंत्र बंद केलं. पोटच्या पोरालासुद्धा एवढा अधिकार देताना माणूस विचार करतो.

त्याच हिवाळ्याच्या अखेरीस, मार्च 2014 मध्ये, नाशिक जिल्ह्यात गारपीट झाली. आमची तोडणीला आलेली बाग झोपली. अण्णांना मी काही सांगितलं नव्हतं. माझा चेहरा बघून त्यांनी खोदून विचारलं आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या हंगामाची पूर्ण मजुरी आगाऊ दिली. ना कागद केला, ना सही घेतली. वडिलांनी त्यातून द्राक्षबाग पुन्हा उभी केली.

पुढे वडील तिकडे आले तेव्हा अण्णा बर्फात छाटणी करत होते. आपल्याकडे एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी, वेल कधी झोपतच नाही, हे ऐकून अण्णा थक्क झाले. मग वडिलांनी काडीवरचा डोळा चिरून, आत घड आहे की नाही हे आम्ही छाटणीआधी कसं तपासतो ते दाखवलं. अण्णाही डोळा चिरतात, पण तो थंडीनं मेला की जिवंत आहे हे बघायला. मेलेले जास्त निघाले तर काडीवर जास्त डोळे राखतात. किती राखायचे यावर दोघांची जुंपली. वडील मराठीत, अण्णा इंग्रजीत, आणि मधे मी. शेवटी अण्णांनी एक अख्खी ओळ वडिलांना तोडून दिली: तुमच्या हिशोबानं छाटा, हंगामात बघू.