हवालदार

हवालदार हा लालबागच्या एका तीन मजली चाळीत १९८९ पासून २००२ पर्यंत राहिलेला कुत्रा. रंग तांबूस, डावा कान मोडलेला. त्याला कोणी विकत आणले नव्हते, की मुद्दाम पाळले नव्हते. गणपतीच्या दिवसांत रस्त्यावरच्या गर्दीला आणि ताशांना बिचकून तो जिना चढला आणि दुसऱ्या मजल्यावर एका दारासमोर थांबला. त्या दारामागे आई, वडील आणि दोन मुलगे राहत होते. खोली दहा बाय बाराची, वर पोटमाळा. आत कुत्र्याला जागा नव्हती आणि गॅलरीत शेजारणींचा विरोध होता, म्हणून त्याने जिन्याची वरची पायरी धरली. तेरा वर्षे तीच त्याची जागा राहिली.

त्याचे नाव तिसऱ्या मजल्यावरच्या, गिरणीतल्या एका जुन्या जॉबरने, म्हणजे मुकादमाने, ठेवले आणि त्याला कारण होते. रात्री दहाच्या सुमारास हा कुत्रा पायरीवर येऊन बसे आणि घरातला शेवटचा माणूस वर आल्याशिवाय उठत नसे. जिना लाकडी होता, त्यामुळे प्रत्येकाचे पाऊल वेगळे वाजे. वडील डावा पाय किंचित ओढत. थोरला संथपणे कठड्याला हात लावत येई. धाकटा दोन-दोन पायऱ्या एकदम चढे आणि खिळखिळी झालेली पाचवी पायरी नेमकी चुकवी. चाळीतली बाकीची सत्तर-ऐंशी माणसे याच जिन्याने ये-जा करत, पण त्यांच्यासाठी हवालदार डोळासुद्धा उघडत नसे. आपला माणूस आला की शेपटीचा एक फटका पायरीवर बसे. तिघांचे तीन फटके झाले की तो उठून दारासमोर आडवा होई. गिरणीच्या खात्यात हजेरीचे मस्टर घेतात तसे हे मस्टर, असे जॉबरचे म्हणणे.

या सवयीचे मूळ कुत्र्यात शोधण्यापेक्षा घरात शोधलेले बरे. वडील कापड गिरणीत सुताच्या खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही आणि असंख्य कामगार परत खात्यात गेले नाहीत, त्यांतले हे एक. पुढे त्यांनी प्रभादेवीला एका इमारतीवर वॉचमनचे काम धरले. थोरला गिरगावात छापखान्यात लागला, धाकटा दिवसा नोकरी करून रात्रशाळेत जाई. तिघे तीन वेळांना घरी येत आणि आई तिघांसाठी जागी राही. संपाआधी ती गिरणीतल्या गाववाल्यांची खाणावळ चालवत असे, तेव्हापासूनच तिला अर्धवट झोपेची सवय होती. हवालदार आल्यावर वर्षभरात ती साडेदहाला झोपू लागली. बाहेरचे मस्टर पूर्ण झाले की शेपटीचा आवाज तिला झोपेतही कळे. कुत्र्याचा घराला झालेला सर्वांत मोठा उपयोग हाच. चोर पकडल्याची वगैरे एकही नोंद त्याच्या नावावर नाही.

घरात डोंगराचे वेड थोरल्याने आणले. मुंबईत गिरिविहार ही संस्था १९५४ पासून काम करते आहे. १९८८ मध्ये तिची मोहीम कांचनजंगावर गेली, तेव्हा गिरगाव-दादरच्या पुष्कळ पोरांनी वर्तमानपत्रातली कात्रणे जपून ठेवली होती. थोरला त्यांतला. त्याने मनालीला जाऊन गिर्यारोहणाचा प्राथमिक कोर्स केला आणि तिथले दोन मित्र १९९६ च्या जानेवारीत मुंबई बघायला लालबागला उतरले. गिरगावच्या चौपाटीवर समुद्र बघून झाला, राणीचा बाग झाला. तिसऱ्या दिवशी ते दमट हवेला कंटाळले आणि म्हणाले, तुमचा डोंगर दाखवा. थोरल्याने महाराष्ट्रातला सर्वांत उंच डोंगर दाखवायचे ठरवले.

कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे. अकोले तालुक्यातल्या बारी गावातून तिची नेहमीची वाट सुटते. वाटेतल्या कड्यांवर लोखंडी शिड्या बसवल्या आहेत, शेवटच्या चढाआधी एक विहीर लागते आणि माथ्यावर दोन-तीन माणसे जेमतेम मावतील एवढे देऊळ आहे. देवीची कथा अशी सांगतात, की कळसू नावाची मुलगी एका घरी कामाला राहिली ती केर आणि भांडी करणार नाही या अटीवर. अट मोडून तिला भांडी घासायला लावली, तेव्हा ती घर सोडून डोंगरावर गेली ती परत आलीच नाही. खोलीच्या वाटणीवरून बोलणी चालू असलेल्या कुटुंबाने जायला ही जागा फार सोयीची म्हणता येणार नाही.

बोलणी अशी होती. थोरल्याचे लग्न ठरत आले होते. पागडीची खोली विकून डोंबिवलीला दोन लहान जागा घ्याव्यात, असे तो म्हणे. धाकट्याला लालबाग सोडायचे नव्हते. वडील दोघांचे ऐकत आणि काहीच बोलत नसत. सगळ्यांनी एकदा मोकळ्या हवेत गेले तर बरे, असे आईला वाटले आणि तिने वडिलांनाही पाठवले. गिरगावातला एक मित्र मिळून माणसे सहा झाली. कुत्र्याला कोणी बोलावले नव्हते. तो आपण होऊन दादरपर्यंत आला आणि कसाऱ्याच्या गाडीत लगेजच्या डब्यात चढला. कसाऱ्याहून जीपने घोटी आणि तिथून भाजीच्या रिकाम्या टेम्पोने बारी. गावातली दोन कुत्रीही सोबत निघाली. डोंगरावर निघालेल्यांबरोबर माथ्यापर्यंत जाऊन परत यायचे, हा त्या गावच्या कुत्र्यांचा रोजचाच परिपाठ.

दुसऱ्या शिडीपाशी खोलीचा विषय निघाला. "दादा, तुला जायचं तर तू जा. खोलीवर बोलायचं नाही," एवढे एकच वाक्य धाकट्याने मोठ्याने म्हटले. ते वडिलांनी ऐकले आणि मनालीकरांनाही भाषा न कळता कळले. त्यानंतर धाकटा मागे रेंगाळू लागला. गिरगावच्या मित्राला वाटले तो पाहुण्यांबरोबर आहे, पाहुण्यांना वाटले मित्राबरोबर आहे. माथ्यावर पोचेपर्यंत अंधार झाला होता आणि वारा सुटला होता. मनालीहून आणलेला तंबू देवळाच्या आडोशाला ठोकून झाला, तरी कोणाच्या लक्षात आले नव्हते की माणसे पाचच आहेत.

हवालदाराच्या लक्षात आले होते. शेवटची शिडी संपते तिथे कातळाच्या तोंडाशी तो बसला होता. गावची कुत्री शिडीच्या बाजूच्या जुन्या वाटेने सरावाने वर चढली आणि देवळामागे जाऊन झोपलीसुद्धा. हा तिथून हलेना, ओढला तर गुरगुरे. थोरल्याने खाली हाका मारल्या, पण वाऱ्यात आवाज पोचण्याचे कारण नव्हते. तो बॅटरी घेऊन उतरायला निघाला, तेव्हा मनालीकरांपैकी मोठ्याने त्याला थांबवले आणि स्वतः विहिरीपर्यंत जाऊन आला. वाटेच्या धुळीत बुटांचे ठसे खाली गेलेले त्याला दिसले होते. पोरगा रागावून गावात परतला होता, इतकेच. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि मंडळी तंबूत शिरली. कुत्र्याला मात्र धुळीतले ठसे पुरेसे नव्हते.

सह्याद्रीत बर्फ पडत नाही. उंचीबरोबर तापमान दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे कळसूबाईचा माथा समुद्रसपाटीपेक्षा दहा-अकरा अंशांनी गार. पण हा डोंगर विषुववृत्तापासून वीस अंशांच्याही आत आहे, त्यामुळे गारठा बर्फापर्यंत पोचत नाही. वाऱ्याचे काम निराळे असते. अंगालगतचा उबदार हवेचा पातळ थर तो सारखा काढून नेतो आणि अंगावरच्या केसांत तो थर धरून ठेवण्याची सोय मुंबईच्या कुत्र्याकडे नसते. "हवा तो बर्फ की है, बर्फ किधर है?" असे धाकटा पाहुणा म्हणाला, ते थट्टेत जमा करावे. मोठ्या पाहुण्याने विचारले, इथे बिबट्या आहे का? आहे, असे कळल्यावर त्याने एक गोणपाट फाडून त्याची जाड पट्टी हवालदाराच्या गळ्याला बांधली. त्यांच्याकडे गद्दी मेंढपाळांच्या कुत्र्यांना लोखंडी काट्यांचे पट्टे घालतात, कारण बिबट्या आधी गळा धरतो.

वडील त्या पट्टीकडे बघत उभे राहिले, मग कुत्र्याशेजारी बसले. थोरला म्हणाला, "अण्णा, तुम्ही आत या. तो येईल मागून." वडिलांनी उत्तर दिले, "कुत्रा बसलाय म्हणून बसलोय." मुलगा खाली एकटा आहे, असे ते त्या रात्री एकदाही म्हणाले नाहीत. त्यांच्याजवळ पांघरायला गिरणीतून मिळालेली सुती चादर होती. वाऱ्यात असली चादर कुचकामी. तिचे एक टोक त्यांनी कुत्र्यावर टाकले आणि दुसरे स्वतःच्या खांद्यावर घेतले. पाहुण्यांनी झोपायची पिशवी आणून दिली, ती त्यांनी पायाशी तशीच ठेवली. हा हट्टच होता आणि त्याचे समर्थन करता येत नाही.

मध्यरात्रीनंतर ते कुत्र्याशी बोलू लागले. तंबू पंधरा-वीस हातांवर होता आणि वारा तिकडेच वाहत होता. थोरला जागा होता. त्याने ऐकले ते असे: संपाच्या वर्षी वडील रात्री एक-एक वाजता घरी येत, तेव्हा घरचे समजत की ते गिरणीच्या गेटवर असतात. पहिल्या काही महिन्यांनंतर ते गेटवर नसत. खालच्या चहाच्या दुकानाच्या फळीवर बसून राहत आणि खोलीतला दिवा मालवला की वर जात, कारण रिकाम्या हातांनी जागी माणसे असलेल्या घरात शिरवत नसे. "तेव्हा तू असतास तर दिवा लवकर गेला असता," असे काहीतरी शेवटी होते. थोरल्याने हे कोणाला सांगितले नाही.

सकाळी हवालदार शिडी उतरेना. आडव्या गजांवरून खाली जाणे कुत्र्याच्या पायांना जमत नाही, आणि कातळातली बाजूची वाट त्याच्या अवसानापलीकडची होती. मोठ्या पाहुण्याने त्याला चादरीत बांधून पाठीवर घेतले. धाकटा पायथ्याच्या देवळाच्या ओट्यावर झोपलेला सापडला. कुत्र्याने त्याचे बूट हुंगले, जमिनीवर शेपटी एकदा आपटली आणि तिथेच आडवा झाला. वडील धाकट्याला म्हणाले, "त्याला रात्रभर झोप नाही." धाकट्याने मान खाली घातली.

डोंगर चढणारी कुत्री जगात झाली आहेत. कूलिज या अमेरिकन गिर्यारोहकाला त्याचा वाटाड्या आल्मर याने १८६८ मध्ये दिलेली चिंगेल नावाची कुत्री आल्प्समधली अनेक शिखरे चढली आणि १८७५ मध्ये माँ ब्लाँच्या माथ्यावर पोचली. नेपाळात मेरा नावाची एक भटकी कुत्री २०१८ मध्ये एका मोहिमेच्या मागोमाग ७१२९ मीटर उंचीच्या बरुंत्सेवर गेली. हवालदाराचे नाव या यादीत येणार नाही. तो कळसूबाईसुद्धा चढलेला नाही. शिखरावरचे देऊळ चार पावलांवर असताना तो खाली तोंड करून बसून राहिला. वडीलही नंतर देवळापर्यंत गेले नाहीत, हे पुष्कळ दिवसांनी ध्यानात आले.

त्यानंतर घरातले कठीण बोलणे कुत्र्याच्या मार्फत होऊ लागले. "हवालदार, विचार त्याला, रविवारी थांबणार का," असे वडील म्हणत आणि ज्याला विचारायचे तो समोरच बसलेला असे. खोली विकली नाही. १९९७ मध्ये लग्न करून थोरला डोंबिवलीला भाड्याने राहायला गेला आणि जिन्यावरचे मस्टर कायमचे एकाने कमी पडू लागले. हवालदार बसून राही. शेवटची गाडी गेल्यावर वडील उठून दार उघडत आणि सांगत, "तो तिकडे पोचला. चल." तेव्हा तो उठे. हे रोज, साडेचार वर्षे. आईची झोप पुन्हा मोडली ती तेव्हापासून, पण तिने तक्रार केली नाही.

हवालदार २००२ च्या फेब्रुवारीत परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात गेला. तेव्हा घरातले चौघेही तिथे होते. पुढे थोरल्याच्या मुलीने कळसूबाईवरच्या हवालदाराच्या फोटोतले गोणपाट बघून विचारले, की याच्या गळ्यात हे काय आहे आणि हा कोणाची वाट बघतोय? थोरल्याने तिला त्या रात्रीचे सगळे सांगितले, चहाच्या दुकानाच्या फळीसकट. आईनेही ते तेव्हाच पहिल्यांदा ऐकले. ती म्हणाली, की आपण दिवा मालवून जागीच असायचो, एवढे त्यांना कळायला हवे होते. मग म्हणाली, "माझी वाट काही त्याने कधी बघितली नाही. मी घरातच होते."

चाळीच्या जिन्याला आता खाली लोखंडी गेट आहे. ते रात्री अकराला बंद होते. त्यानंतर येणाऱ्याने आपापली किल्ली जवळ ठेवावी, असा नियम आहे.