अजिंठ्याच्या पायथ्याशी दुधातलं पिठलं

अजिंठ्याला जाणारी मंडळी लेणी पाहतात, फर्दापूर फाट्यावर चहा घेतात आणि परतीची गाडी धरतात. आम्हीही आजवर तेच केले. मागच्या दिवाळीत मात्र कचेरीतून चार दिवसांची रजा मिळाली. आईला सोबत घेतले आणि फर्दापूरजवळ आमच्या चुलतभावाच्या घरी मुक्काम टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच लेण्यांवर गेलो. (सोमवारी लेणी बंद असतात, हे ध्यानात ठेवूनच वाचकांनी बेत आखावा.) फाट्यावर आपली गाडी सोडावी लागते, तिथून बसने चार किलोमीटर आत जायचे. वाघूर नदीच्या वळणावर घोड्याच्या नालासारखा कडा आहे आणि त्या कड्याच्या पोटात ३० लेणी. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला आला आणि विसरलेली ही लेणी जगापुढे आली. १९८३ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा ठरवले.

आईचे गुडघे दुखतात. सगळी लेणी तिला झेपणार नव्हती, म्हणून आम्ही निवडक दाखवली. सोळाव्या लेण्यात तथागतांच्या चरित्रातले प्रसंग रंगवले आहेत. त्यात सुजाता आहे आणि तपुस्स व भल्लिक हे व्यापारीही आहेत. एकीने खीर दिली, दुसऱ्यांनी सातू आणि मध. आई बराच वेळ तिथेच उभी राहिली. म्हणाली, “राजेमहाराजे पुष्कळ आसतील, पन पोटाला देनारं मानूस भितीवर काढलं, हे चांगलं केलं.”

संध्याकाळी घरी आलो तर अंगणात एक अमेरिकन बाई पाटावर बसलेल्या. आमच्या वहिनी एका हॉटेलच्या भटारखान्यात कामाला जातात. तिथेच या बाई उतरल्या होत्या. ओहायो राज्यातल्या निवृत्त शिक्षिका. चित्रे पाहण्यासाठी तीन आठवडे राहिलेल्या, आणि आता पोट बिघडून बेजार झालेल्या. हॉटेलच्या कार्डावर ‘अमेरिकन चॉप्सी’ होती. ती मागवली, तर कुरकुरीत शेवया आणि वर लाल गोड रस्सा! बाई म्हणाल्या, “असला पदार्थ मी अमेरिकेत जन्मात पाहिला नाही. मला माझ्या आजीच्या हातचे मॅकरोनी-चीज हवे आहे.” वहिनींनी त्यांना सरळ घरी आणले. “सांगा कसं करायचं, आपन करू.”

आमची कॉलेजात शिकणारी पुतणी दुभाषी झाली, अडले तिथे आम्ही आमचे बी. कॉम.चे इंग्रजी लावले. पाव किलोला थोडी कमी मॅकरोनी मिठाच्या पाण्यात उकडली. मग पातेल्यात दोन पळ्या लोणी, त्यावर दोन पळ्या मैदा. कच्चा वास जाईपर्यंत परतायचा, पण लाल होऊ द्यायचा नाही. त्यात अर्धा लिटर दूध. बाईंना चुलीची सवय नाही. जाळ मोठा होता आणि दूध एकदम ओतले गेले. झाल्या गुठळ्या! बाईंचा चेहरा पडला. आईने दोन लाकडे बाहेर ओढली, पळी हातात घेतली आणि गुठळ्या पातेल्याच्या कडेला घोटून घोटून मोडल्या. “आगं बाय, हे तं पिठलंच हाय, दुधातलं! पिठल्याला जाळ कमी लागतो.” पुतणीने भाषांतर केले तेव्हा बाई खळखळून हसल्या. मग किसलेले चीज, मिरपूड, मॅकरोनी. वरून शिळ्या पावाचा चुरा तव्यावर भाजून भुरभुरला.

जेवताना बाईंनी सांगितले, की हा श्रीमंतांचा पदार्थ नव्हे. १९२९ नंतरच्या मंदीत त्यांच्या आजोबांचा कारखाना बंद पडला. १९३७ साली क्राफ्ट कंपनीने मॅकरोनी आणि चीजचा पुडा बाजारात आणला. १९ सेंटमध्ये चौघांचे पोट भरे. त्या पुड्यावर आजीने घर काढले. पुढे दिवस पालटले, पण मन उदास झाले की घरात हेच शिजे.

आई ऐकत होती. मग तिने आपले सांगितले. १९७२ च्या दुष्काळात ती पोरसवदा होती, खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळे, आणि रेशनवर अमेरिकेची लाल मिलो. “तुमच्याकडची ज्वारी बाय. भाकर थापली की चिरायची. पन जगलो तिच्यावर.” इतकी वर्षे आईने हे आम्हा लेकरांना कधी धड सांगितले नव्हते. त्या लाल भाकरीची तिला लाज वाटे. परक्या बाईपुढे ती लाज गळून पडली.

आम्हालाही कबूल केले पाहिजे. बाई आल्या तेव्हा आम्हीच वहिनींना म्हणालो होतो, “भाकरी-ठेचा आत ठेवा, पावाचे बघा काही.” बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा वसतिगृहाचे अन्न त्यांना मानवले नाही, हे आम्ही भाषणात सांगतो. परमुलखात घरच्या घासाची किंमत काय, हे आम्हाला कळायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा आल्या, भाकरी शिकायला. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून उकळते पाणी घालून ते तळहाताने मळावे लागते. पहिल्या तीन भाकरी मोडल्या. चौथी फुगली तेव्हा सगळ्या अंगणाने टाळ्या वाजवल्या.

निघताना बाईंनी पाचशेची नोट काढली. आई म्हणाली, “पाव्हन्याकडून पैसे घेऊ नये.” वहिनी शांतपणे म्हणाल्या, “आई, हेच हात हॉटेलात दिवसभर राबतात, तवा पैसे घेतेच की. काल त्या पाव्हन्या व्हत्या. आज त्या शिकाया आल्या.” आणि त्यांनी नोट घेतली.

आम्हाला वहिनींचे म्हणणे पटले. आईला अजून पटलेले नाही. पण परतीच्या एस.टी.त ती मध्येच म्हणाली, “फर्दापूरच्या चार बाया मिळून हे करतील, तं हॉटेलातली भांडी घासायची वेळ यायची नाही.” आम्ही वहिनींना तसे पत्र टाकले आहे.