मणभर दुधाचा हिशोब

मनमिळाऊ, परोपकारी, कुटुंबवत्सल. जिल्हा आवृत्तीतल्या निधनवार्तेत तालुक्याच्या गावच्या बहुतेक गृहस्थांच्या वाट्याला ही तीन विशेषणं येतात आणि त्यांच्यामागून 'पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे' हे वाक्य. मग चौकात फ्लेक्स लागतो. त्यावरचा फोटो बहुधा कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून काढलेला. याला हसायचं तर मराठीत म्हण तयारच आहे: मेल्या म्हशीला मणभर दूध. ही म्हण कुणी टाकली की बोलणंच खुंटतं. मला मात्र विशेषणांपेक्षा म्हणीचाच जास्त संशय येतो. आयुष्यभर कुणाच्या उपयोगी न पडलेला माणूस गेला तरी ती लागू पडते आणि ज्याच्या अंत्ययात्रेला बाजारपेठ आपणहून बंद राहिली, तो गेला तरीही लागू पडते. दोघांत फरकच करता येत नसेल, तर ती नेमकं काय मोजते?

माप तपासून बघायला हरकत नाही. सरकारी मण चाळीस शेरांचा, आजच्या हिशोबात 37 किलोंहून थोडा जास्त. सोलापूर, सांगली, कोल्हापूर भागातली पंढरपुरी म्हैस घेतली, तलवारीसारखी लांब शिंगं पाठीवर टाकणारी, तर तिचं रोजचं दूध पाच-सात लिटरच्या आसपास. कोल्हापुरात हीच म्हैस रात्री कट्ट्यावर आणून गिऱ्हाइकासमोर पिळतात आणि धारोष्ण दूध फेसासकट पेल्यात देतात; तिथे तिला मणभर दूध होतं असं सांगणारा मालक टिकायचा नाही. इथवर म्हण बिनचूक. पण मण एकच नव्हता. मुंबई इलाख्यात चालणारा जुना मणही चाळीस शेरांचाच, पण त्याचे शेर लहान. तो भरायचा 28 पौंड, म्हणजे तेरा किलोंना थोडा कमी. एवढं दूध दिवसाकाठी देणारी चांगल्या जातीची म्हैस काही अशक्य नव्हे. म्हणजे म्हण रचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कुठला मण होता, यावर सगळं अवलंबून. तो सरकारी असेल तर मालक थापाड्या. मुंबईचा असेल तर चांगली म्हैस गेल्याचं दुःख करणारा एक साधा माणूस, ज्याच्यावर शेजाऱ्यांनी विश्वास ठेवला नाही इतकंच. हा तपशील म्हणीला पेलण्यापेक्षा जास्त झाला हे कबूल. पण त्यातून एक गोष्ट हाती लागते: दुधाचं निदान माप तरी होतं, म्हैस जिवंत असतानाच, रोज दोन वेळा.

गृहस्थाचं तसं होत नाही. पतसंस्थेत दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहणं, कुणाला सिव्हिल हॉस्पिटलात नेऊन केसपेपर काढण्यापासून रात्री पायथ्याशी बसण्यापर्यंत सगळं करणं, भिशीचे पैसे चोख सांभाळणं, भावकीतल्या वाटणीत दोन्ही बाजूंना आपला वाटणं. याची नोंद कुठे राहत नाही. नोंद ठेवण्याची आपली रीतच वेगळी आहे. महाराष्ट्रभर गावांच्या वेशीवर, देवळांच्या आवारात वीरगळ उभे आहेत. खालच्या चौकटीत मरण, मधे अप्सरांनी उचलून नेणं, वर शिवलिंगापुढे हात जोडलेला वीर. गाई पळवणाऱ्यांशी लढताना पडलेल्याचा दगड असेल, तर त्यावर गाईही कोरलेल्या दिसतात. त्याच गाई पुढची चाळीस वर्षं ज्याने राखल्या आणि जो अंथरुणावर गेला, त्याला दगड नाही. तेव्हा तीन विशेषणांची निधनवार्ता ही मला अतिशयोक्ती वाटत नाही. उलट, कधीच न मोजलेल्या गोष्टीचा तो घाईघाईने बांधलेला अंदाज आहे, आणि घाईत माणूस हाताला येतील तेच शब्द उचलतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. परोपकारी हे विशेषण गाव देतं. त्या परोपकाराचा खर्च घर भरतं. अवेळी आणलेल्या चार पाहुण्यांचा स्वयंपाक बायकोचा, बुडालेल्या जामिनाचे हप्ते मुलांच्या शिक्षणातून. 'श्यामची आई' हे 1935 सालचं पुस्तक याच बाजूने वाचून बघा. श्यामचे वडील वाईट गृहस्थ मुळीच नाहीत. पण घराण्याच्या इभ्रतीवर चढलेलं कर्ज त्यांच्या नावावर आणि सावकाराच्या माणसाचे शब्द ऐकायचे आईने. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त तर नवऱ्याचा राग, न सांगता घर सोडून निघून जाणं, हाती आलेलं कुणालाही देऊन टाकणं, काहीच झाकलं नाही. आणि तरी त्या पुस्तकातून रेव्हरंड टिळक जितके लोभस होऊन येतात, तितके ते कुठल्याही गौरवग्रंथातून आले नसते. मग दोष लिहिले की माणूस उरतो, असं म्हणायचं का? पु. ल. देशपांड्यांचा रत्नागिरीचा अंतू बर्वा तिरकस जिभेमुळेच ध्यानात राहिला, चांगुलपणामुळे नव्हे, हाही पुरावा त्याच बाजूचा.

पण इथे माझाच युक्तिवाद मला अडवतो. लक्ष्मीबाईंपाशी लेखणी होती. बहुतेक घरांत निधनवार्तेचा मजकूर मुलगा वार्ताहराला फोनवर सांगतो आणि आईला कुणी विचारत नाही. शिवाय काही माणसांना खरोखरच तिरकसपणा नसतो. दुकान वेळेवर उघडणारा, उधारी हळू आवाजात मागणारा, संध्याकाळी घरी असणारा माणूस जगायला उत्तम आणि लिहायला अवघड. त्याच्या अंगी नसलेली खोड केवळ लेखाला रंग यावा म्हणून शोधत बसणं हा मणभर दुधाचाच दुसरा प्रकार झाला, फक्त उलट्या बाजूने. आणि घराने भरलेला खर्च मांडायचा, तर तो कुणी, कुणासमोर, आणि दहाव्याच्या आधी की नंतर? पिंडाला कावळा शिवेना म्हणून नातेवाईक एकेक आश्वासन मोठ्याने देत उभे असतात, तेव्हा त्या माणसाच्या खऱ्या काळज्या पहिल्यांदाच चारचौघांत उच्चारल्या जातात: धाकट्याचं लग्न, घरावरचं कर्ज, वेडसर भावाला कोण सांभाळणार. निधनवार्तेपेक्षा हे चरित्र अधिक खरं असावं, असं मला वाटतं. पण ते कुणी लिहून घेत नाही आणि घेऊही देणार नाही.

पुढे वर्षश्राद्ध होतं, मग पितृपक्षातलं. तिथे विशेषणांना जागाच नाही. नाव आणि गोत्र पुरतं. तेही बाप, आजा, पणजा एवढ्यांचंच. खापरपणतवाने घातलेल्या श्राद्धात या गृहस्थाचं नाव येत नाही.