ओट्यावरची ओल

शिरूर (घोडनदी),
चैत्र महिना

चि. भाचीस,

जंतूला घरात तगायला ओल, अन्नाचा कण आणि ऊब एवढे पुरते. उन्हाळ्यात शिरूर-दौंड पट्ट्यात पारा 40 अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे ऊब फुकट मिळते. अन्नाचे कण कितीही पुसले तरी फटीत थोडे उरतातच. म्हणून घरातल्या माणसाने खरी नजर ठेवायची ती ओलीवर. ई-कोलायसारखा जंतू अनुकूल ओलीत आणि उबेत दर 20 मिनिटांनी दुप्पट होतो. या हिशेबाने एकाचे सात तासांत 20 लाखांहून अधिक होतात. कोरड्या भांड्यावर मात्र तो वाढू शकत नाही. स्वयंपाकाचा ओटा चकाकतो की नाही यापेक्षा रात्री निजताना तो कोरडा आहे की नाही, हे पाहणे जास्त मोलाचे.

पाणी हा या भागातला पहिला प्रश्न. पुण्याचे सांडपाणी पोटात घेऊन आलेली मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, आणि काठच्या उथळ विहिरींना नदीचाच पाझर असतो. दौंडकडे खडकवासल्याच्या कालव्याच्या आवर्तनावर भिस्त. पावसाळ्यात पाणी गढूळ. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्ची पडतो, म्हणून आधी तुरटी फिरवून पाणी निवळू द्यावे, वरचे नितळ पाणी वस्त्राने गाळावे आणि मगच क्लोरीनचे औषध टाकावे. ग्रामपंचायत टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकते. नळाला क्लोरीन पोचला की नाही ते ओटी टेस्टने कळते, पाणी पिवळसर झाले की पोचला. घरी मेडिक्लोर हे क्लोरीनचे द्रावण वापरल्यास बाटलीवरच्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे. शंका असेल तेव्हा उकळणे सर्वांत भरवशाचे: खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट. जारच्या आरओ पाण्याबद्दल गावोगाव फार विश्वास आहे. ते क्षार काढून टाकते हे खरे, पण त्यात क्लोरीन उरत नाही, त्यामुळे जार किंवा तोटी अस्वच्छ असली तर जंतूंना अडवणारे काहीच राहत नाही.

चांगले पाणी घरात आल्यावर पुष्कळदा बिघडते ते माठात. पेल्यासकट बोटे बुडवण्याची सवय घरोघर आहे. लांब दांड्याचे ओगराळे किंवा तोटीचा माठ एवढ्याने ती वाट बंद होते. माठाच्या आतला बुळबुळीत थर म्हणजे जंतूंची वस्तीच. तो विसळून जात नाही, घासावा लागतो, आणि मग माठ उपडा घालून उन्हात वाळवावा. तांब्याच्या हंड्याचा जुना प्रघात निराधार नव्हता. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात तांब्याच्या भांड्यात 16 तास ठेवलेल्या पाण्यात हगवणीचे जंतू उरले नाहीत. पण ते तांबे घासलेले हवे, आणि पाणी तेवढा वेळ टेकलेले हवे. सकाळी भरून लगेच प्यालेल्या पाण्याला तो गुण येत नाही.

स्वयंपाकघरातली सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे फडके. त्याच एका फडक्याने ओटा, हात, ताट, तवा आणि मुलाचे तोंडही पुसले जाते, आणि दिवसभर ते सिंकच्या कडेला चुरगळून ओले पडलेले असते. घासणीची गत तीच. 2017 साली जर्मनीत वापरातल्या स्पंजांची तपासणी झाली, तेव्हा काही ठिकाणी एका घन सेंटिमीटरमागे 5,400 कोटींपर्यंत जीवाणू मोजले गेले. त्यातले सगळेच घातक नसतात, पण अशा ओल्या जागी घातक जंतू शिरला तर त्यालाही आसरा मिळतो. भांड्यांचे, ओट्याचे आणि हाताचे फडके वेगळे असावे. पोतेरे तर स्वयंपाकघरात लटकूच नये. फडकी रोज साबणाने धुवून दोरीवर पसरावीत, आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यातून काढावीत. इथे ऊन भरपूर आहे, तासाभरात कापड कडकडीत वाळते.

कच्च्या मांसाची शिस्त वेगळी. जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी भागात जीबीएस (गिलेन-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. तो कोंबड्यांच्या आतड्यात सहज राहतो आणि अशुद्ध पाण्यातून किंवा अर्धवट शिजलेल्या चिकनमधून माणसात येतो. उष्णतेने तो लवकर मरतो. 70 अंशांपर्यंत आतून शिजलेले मांस सुरक्षित, म्हणजे हाडाजवळ लाली दिसता कामा नये. पण धोका शिजवण्याच्या आधीही असतो. ब्रॉयलर कोंबडीचे तुकडे धो-धो नळाखाली धुतले की शिंतोडे कोथिंबिरीवर, पोळपाटावर, शेजारच्या भांड्यांवर उडतात. न धुणेच बरे. धुतल्याशिवाय चैन पडत नसेल तर पातेल्यातल्या पाण्यात हलक्या हाताने धुवावे आणि नंतर सिंक साबणाने घासावे. मांस-मासळीची सुरी व फळी स्वतंत्र ठेवावी, विळी वापरली तर ती साबणाने धुतल्याशिवाय कांद्याला लावू नये, आणि हात 20 सेकंद साबणाने चोळावेत.

शिजलेल्या अन्नात भात सर्वांत फसवा. तांदळातल्या बॅसिलस सेरियसचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात. भात रात्रभर उबेत राहिला की ते उगवून विष तयार करतात, आणि ते विष सकाळच्या फोडणीने जात नाही. 5 ते 60 अंशांमधले तापमान धोक्याचे. शिजलेले अन्न त्यात दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, उन्हाळ्यात तर एकच तास. भात पसरट ताटात निववून लवकर फ्रीजमध्ये घालावा. बाजरीची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मात्र शेतावर दिवसभर टिकतात, कारण त्यांत जंतूला लागणारी ओलच नसते.

जंतुनाशकाचा नंबर शेवटी लागतो. खरकटे आणि तेलकटपणा साबणाने काढल्याशिवाय क्लोरीनचा उपयोग नाही, तो त्या घाणीतच संपतो. साधारण 4 टक्के ताकदीचे ब्लीच 1 लिटर पाण्यात 5 मिलिलिटर मिसळावे, फळीवर व ओट्यावर एक-दोन मिनिटे राहू द्यावे आणि मग वाळू द्यावे. संडासाच्या अ‍ॅसिडबरोबर ते कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

झुरळे आणि उंदीर रात्री पाण्याच्या शोधात मोरीतून वर येतात, उसाच्या रानालगतच्या घरांत उंदीर जास्तच. मोरीच्या तोंडाला जाळी, ओल्या कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण, सिलिंडरखाली आणि फ्रीजमागे महिन्यातून एकदा झाडू. निजण्यापूर्वी खरकटी भांडी घासून उपडी घालावीत, सिंक पुसून कोरडे करावे आणि फडके दोरीवर टाकावे.

तुझी,
मावशी