वस्ताद

मल्लाचे यश सर्वांच्या डोळ्यांना दिसते. हलगी कडाडते, प्रेक्षक उभे राहतात आणि विजयी वीराच्या खांद्यावर गदा येते. परंतु ज्याने त्या वीरास पहाटेच्या अंधारात उठविले, शेकडो वेळा पाडले आणि पुन्हा उभे केले, त्या वस्तादाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. कधी कधी तर शिष्याचा विजय पाहण्यास वस्ताद या जगात उरलेलाही नसतो.

मराठवाड्यातील जालना शहराने असा एक प्रसंग पाहिला आहे. ‘जालना सोने का पालना’ अशी ख्याती असलेल्या या व्यापारी नगरीत 2018 साली महाराष्ट्र केसरी किताबाच्या कुस्त्या भरल्या. अंतिम कुस्ती 23 डिसेंबर रोजी झाली. एका बाजूस आदल्या वर्षीचा विजेता, पुण्याचा अभिजित कटके उभा होता. तो गादी विभाग जिंकून आला होता. दुसऱ्या बाजूस होता माती विभागाचा विजेता बाला रफिक शेख. तो बुलढाणा जिल्ह्याकडून लढत होता. बाला रफिकने 11-3 अशा गुणांनी विजय मिळविला आणि मानाची चांदीची गदा त्याच्या हाती आली. कोल्हापूरच्या न्यू मोतीबाग तालमीत ज्यांनी त्याला घडविले, ते गणपतराव आंदळकर मात्र तीनच महिन्यांपूर्वी, 16 सप्टेंबर 2018 रोजी, निवर्तले होते.

आंदळकरांचा जन्म 1935 साली सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुक्यात पुनवत या गावी झाला. कुस्तीच्या ओढीने ते कोल्हापुरास आले. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लविद्येस उदार आश्रय दिल्यामुळे ती नगरी मल्लांची पंढरी बनली होती. तेथील तांबड्या मातीत आंदळकरांनी अंग झिजविले. 1960 साली त्यांनी पंजाबचे बलाढ्य मल्ल खडकसिंग यांना नमवून ‘हिंदकेसरी’ हा किताब पटकाविला.

पुढे 1962 साली ते जकार्ता येथील आशियाई स्पर्धेस गेले. तेथे माती नव्हती, गादी होती. शिवाय ग्रीको-रोमन नावाच्या कुस्तीत कमरेखाली पकड घेता येत नाही, की प्रतिस्पर्ध्यास पाडण्यासाठी पायांचा उपयोग करता येत नाही. पट काढण्यात तरबेज असलेल्या आपल्याकडील मल्लास हा नियम म्हणजे एक हात बांधून लढण्यासारखाच! तरीही आंदळकरांनी त्या प्रकारात सुवर्णपदक जिंकले आणि मुक्त शैलीच्या कुस्तीत रौप्यपदक मिळविले. 1964 साली टोकियो येथील ऑलिंपिक स्पर्धेत त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. त्याच वर्षाचा अर्जुन पुरस्कारही त्यांना लाभला.

मल्लाचे लढण्याचे दिवस थोडे असतात. शरीर थकू लागले की टाळ्यांचा कडकडाटही दूर जातो. अशा वेळी पूर्वीच्या कीर्तीवर विसंबून स्वस्थ बसणे सोपे असते. आंदळकरांनी तसे केले नाही. स्वतः लढणे थांबल्यावर त्यांनी इतरांना लढावयास शिकविले.

वस्तादाचे काम वरवर पाहता साधे वाटते, पण ते मोठ्या चिकाटीचे आहे. पहाटे तालमीत दिवा लागतो. ताक, तेल, हळद आणि लिंबाचा रस घालून मऊ केलेल्या मातीत मुले उतरतात. जोर, बैठका आणि मग लढती! वस्ताद हौद्याच्या काठाशी उभा राहून प्रत्येकाची चाल न्याहाळीत असतो. कोणाचा पाय उशिरा हलतो, कोणाचा दम लवकर तुटतो, कोणाला ढाक शोभेल आणि कोणाला घिस्सा, हे त्याला ओळखावे लागते. आखाड्यात उतरणाऱ्याची जात वा धर्म तो विचारीत नाही. पोराचा घाम किती गळतो, एवढेच तो पाहतो. हरलेल्याला धीर द्यायचा आणि जिंकलेल्याच्या डोक्यात वारे शिरू द्यायचे नाही, हेही त्याचेच काम.

आंदळकरांच्या हाताखाली दादू चौगुले तयार झाले. त्यांनी 1970 व 1971 अशी लागोपाठ दोन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली. 1974 साली न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्च येथे राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळविले. त्यांनीही आपली विद्या स्वतःपुरती ठेवली नाही. पुढे तेही वस्ताद झाले आणि आपल्या शिष्यांना डाव शिकवू लागले.

गदा एका वर्षी एकाच्या खांद्यावर असते, दुसऱ्या वर्षी दुसऱ्याच्या. तिच्यावर कायमचा हक्क कोणीच सांगू शकत नाही. परंतु शिष्यास शिकविलेला डाव त्याच्या शिष्याकडे जातो आणि तेथून पुढच्या पिढीकडे. आंदळकरांनी स्वतः जिंकलेली पदके मोजता येतात. त्यांच्या शिकवणीतून पुढे किती कुस्त्या जिंकल्या जातील, याची मोजदाद मात्र अद्याप पुरी झालेली नाही.