मशीनगनबद्दल माझं मत का बदललं

नागरिकाच्या हाती शस्त्र असावं, हे मत मला वारशानं मिळालं. १८७८च्या आर्म्स ॲक्टनं इंग्रजांनी हिंदी माणसाला निःशस्त्र केलं, हा राग आमच्या घरात आजोबांपासून होता. त्या कायद्यावर टिळकांनी केलेली टीका ते आम्हाला ऐकवायचे. कराची काँग्रेसच्या १९३१च्या मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. पुढे घटना समितीत ह. वि. कामतांनी तो हक्क घटनेत घालायची दुरुस्ती सुचवली, डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती बारगळली. आजोबांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. त्यामुळे टेक्ससमध्ये घर केल्यावर शस्त्र बाळगण्याचा हक्क देणारी इथली दुसरी घटनादुरुस्ती मला परकी वाटलीच नाही. घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवण्याचा हक्क सुप्रीम कोर्टानं २००८मध्ये हेलर खटल्यात मान्य केला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. आजही तो निकाल मला बरोबर वाटतो.

या मताबरोबर मशीनगनही ओघानं आली. हक्क आहे म्हटल्यावर शस्त्राचा प्रकार सरकारनं का ठरवावा, असं मी म्हणायचो. आणि माझं हुकमी वाक्य होतं: गुंड काही परवाना विचारून बंदूक घेत नाही, कायद्यानं बांधला जातो तो फक्त सरळमार्गी माणूस.

हे वाक्य माझ्या शेजाऱ्यामुळे डळमळलं. तो निवृत्त सैनिक आहे आणि त्याच्याकडे नोंदणी केलेली मशीनगन आहे. अमेरिकेत हे कायदेशीर आहे, यावर पुण्याच्या नातेवाइकांचा विश्वास बसत नाही. ज्यांचा बसतो, त्यांना वाटतं की ती किराणा आणावा तशी आणता येते. तसंही नाही. शेजाऱ्यानं मला त्याची फाइल दाखवली होती: दहाही बोटांचे ठसे, फोटो, पार्श्वभूमीची तपासणी, दोनशे डॉलर कराची पावती, आणि मंजुरीसाठी कित्येक महिने पाहिलेली वाट. मंजुरीच्या कागदाची प्रत तो बंदुकीच्या पेटीतच ठेवतो. ती बंदूक तो कुणाला उसनी देत नाही, सख्ख्या भावालाही नाही. नागरिकांना विकता येतील अशा मशीनगन देशात सुमारे पावणेदोन लाखच आहेत, कारण १९ मे १९८६नंतर बनलेली एकही खाजगी माणसाला घेता येत नाही. म्हणून एकेकीची किंमत हजारो डॉलरांच्या घरात गेली आहे.

ही फाइल पाहिल्यावर मी मशीनगनच्या कायद्याचा इतिहास वाचायला घेतला. १९२०च्या दशकात थॉम्पसन सबमशीनगन टपालानं मागवता येत असे. १४ फेब्रुवारी १९२९ला शिकागोत एका गॅरेजमध्ये सात जणांना भिंतीशी उभं करून मारलं, ते मुख्यतः त्याच बंदुकीनं. १९३४मध्ये नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट आला. त्यानं बंदी घातली नाही. नोंदणी आणि कर लावला, तोही जवळजवळ बंदुकीच्या किमतीइतका. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसपुढे साक्ष देताना नॅशनल रायफल असोसिएशनचे अध्यक्ष कार्ल फ्रेडरिक यांनी, लोकांनी सरसकट शस्त्रं घेऊन हिंडणं आपल्याला मान्य नाही, त्यावर कडक निर्बंध हवेत, असं सांगितलं होतं. फ्रेडरिक म्हणजे ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवलेले नेमबाज. त्यानंतरच्या इतक्या दशकांत नोंदणी असलेल्या मशीनगननं झालेले खून बोटांवर मोजण्याइतके आहेत. माझं हुकमी वाक्य इथे लागू पडेना. हत्यार दुर्मीळ झालं, महाग झालं, प्रत्येकाच्या मागे नावपत्ता लागला, आणि त्याचा परिणाम गुंडांच्या हातांपर्यंत पोचला.

दुसरी गोष्ट हातांनी शिकवली. लास व्हेगासला पर्यटकांना मशीनगन चालवू देणाऱ्या रेंज आहेत. एकदा मीही गेलो. प्रशिक्षकानं माझ्या खांद्यामागे तळहात टेकवून ठेवला होता. ट्रिगर दाबला आणि तीस गोळ्यांचं मॅगझिन दोन-तीन सेकंदांत रिकामं झालं. पहिल्या काही गोळ्या कागदावर लागल्या, बाकीच्या कागदाच्या वरून गेल्या. नळी आपोआप वर चढत होती आणि माझ्या हातांना ती आवरेना. स्वसंरक्षणाचा हक्क मी ज्या पायावर मानतो तो असा, की माणूस झाडलेल्या प्रत्येक गोळीची जबाबदारी घेतो. त्या दोन-तीन सेकंदांत मी कशाचीच जबाबदारी घेऊ शकत नव्हतो. २०१४मध्ये ॲरिझोनातल्या अशाच एका रेंजवर नऊ वर्षांच्या मुलीच्या हातातली उझी सबमशीनगन वर उसळली आणि शेजारी उभा असलेला प्रशिक्षक मेला. ती बातमी मी आधीही वाचली होती. तेव्हा मला तो केवळ निष्काळजीपणा वाटला होता.

१ ऑक्टोबर २०१७ला लास व्हेगासमध्येच एका हॉटेलच्या बत्तिसाव्या मजल्यावरून एका माणसानं संगीताच्या कार्यक्रमावर सुमारे दहा मिनिटांत हजाराहून अधिक गोळ्या झाडल्या. साठ माणसं गेली. त्याच्या रायफली कायद्याच्या भाषेत मशीनगन नव्हत्या. त्यांना बंप स्टॉक लावले होते: बंदुकीच्या धक्क्यानंच ट्रिगर बोटावर पुन्हा पुन्हा आपटवणारा दस्ता. ट्रम्प सरकारनं २०१८मध्ये नियम करून ते बंद केले. जून २०२४मध्ये सुप्रीम कोर्टानं सहा विरुद्ध तीन मतांनी तो नियम रद्द केला, कारण कायद्यात मोजमाप ट्रिगरच्या एका क्रियेचं आहे आणि बंप स्टॉकमध्ये दर गोळीला ट्रिगर नव्यानं हलतो. न्यायमूर्ती ॲलिटो यांनी स्वतंत्र मतात लिहिलं की उपाय काँग्रेसच्या हातात आहे. मलाही तेच योग्य वाटतं. अधिकाऱ्यांनी अर्थ ताणण्यापेक्षा लोकप्रतिनिधींनी कायदा बदलावा आणि मोजमाप गोळीबाराच्या वेगाचं ठेवावं.

त्याहून घाई आहे ती स्विचची. पिस्तुलाच्या मागच्या टोकाला बसणारा हा नाण्याएवढा तुकडा साध्या ग्लॉकची मशीनगन करतो. तो सुटा बाळगला तरी कायदा त्याला मशीनगनच मानतो, पण आता तो थ्रीडी प्रिंटरवर घरी बनतो. १९३४चा कायदा ज्या दुर्मीळतेवर उभा होता, ती अशी रात्रीत छापून संपवता येते. म्हणूनच नोंदणी सैल करण्याची मागणी, जी मी स्वतः कधीकाळी करायचो, मला आता धोक्याची वाटते.

माझ्या दोन्ही सिनेटरांना मी हे सगळं लिहून कळवलं आहे. शेजाऱ्याला पत्राचा मसुदा आधी वाचायला दिला होता. त्याच्या मते १९८६ची बंदी उठवावी आणि नोंदणी तेवढी ठेवावी. मला बंदी हवी आहे, पण त्याची बंदूक त्याच्याकडून काढून घ्यावी असं मी म्हणणार नाही. स्विच विकणाऱ्याला तुरुंगात घालावं, या ओळीखाली मात्र त्यानं स्वतःच्या पेननं रेघ ओढली.